श्रीलंकेच्या किनाऱ्यावर सर्फिंग: आपल्या तयारीप्रमाणे लाट कशी निवडावी

ठाण्याच्या खाडीचे पाणी रोज दोनदा चढते आणि दोनदा उतरते, तिवरांच्या मुळांशी खेळते, ऐरोली आणि वाशीच्या पुलांखालून वाहत राहते; परंतु उघड्या समुद्रावरची लाट तेथवर कधीच पोहोचत नाही. त्यामुळे ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या ज्या माणसाला सर्फिंग, म्हणजे बोर्ड नावाच्या लांब फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येणे, शिकायचे आहे, त्याला प्रवास करण्यावाचून गत्यंतर नसते. मुंबईहून कोलंबो विमानाने सुमारे अडीच तासांवर आहे, तेथील घड्याळ आपल्याच वेळेवर चालते आणि बेटाच्या किनाऱ्यावर अगदी नवख्यापासून मुरलेल्या सर्फरपर्यंत प्रत्येकाला पुरतील अशा लाटा आहेत. आमच्या ठाण्या-वाशीच्या मंडळींबरोबर मी अनेक हिवाळे तेथे गेलो आहे आणि नव्याने येऊ पाहणारे लोक दर वेळी मला जो प्रश्न विचारतात, त्याचे सविस्तर उत्तर म्हणून हे लिहीत आहे. प्रश्न असा असतो की, सर्वांत चांगली जागा कोणती? माझे म्हणणे असे आहे की, जागेचे नाव विचारण्याआधी तेथे पाण्याखाली तळ कसला आहे, हे विचारावे. वाळूचा तळ चुका पोटात घालतो. खडकाचा आणि प्रवाळाचा तळ त्या अंगावर कोरून ठेवतो. पुढील सर्व पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

घरून निघण्याआधी

पोहता येते म्हणजे नेमके काय येते, हे प्रत्येकाने स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावे. तरणतलावाच्या कठड्यालगत दहा-वीस हात मारता येणे पुरेसे नाही. न थांबता २०० मीटर पोहणे, पाय न टेकवता खोल पाण्यात १० मिनिटे तरंगत राहणे आणि नाकातोंडात पाणी गेल्यावरही न घाबरता श्वास सावरणे, या तीन गोष्टी जमत नसतील, तर तिकीट काढण्याची घाई करू नये. दोन-तीन महिने नियमाने जवळच्या तरणतलावावर जाऊन त्या साधता येतात. बोर्ड दोरीने पायाला बांधलेला असतो आणि बोर्ड तरंगतो, म्हणून पोहणे आले नाही तरी चालेल, असे सांगणारे लोक भेटतात. त्यांचे ऐकू नये, कारण दोरी तुटते, आणि ती तुटते तेव्हा माणूस नेमका किनाऱ्यापासून दूर असतो.

दुसरी तयारी खांद्यांची आणि पाठीची. सर्फिंगमधला बहुतेक वेळ उभे राहण्यात जात नाही. बोर्डवर पालथे झोपून, छाती उचलून, दोन्ही हातांनी पाणी मागे सारण्यात जातो. ही स्थिती भुजंगासनाच्या इतकी जवळची आहे की, रोज २५ ते ३० सूर्यनमस्कार घालणाऱ्याला पहिल्या दिवशी मान आणि कंबर धरण्याचा त्रास बराच कमी होतो.

तिसरी गोष्ट घरातल्या लादीवर करता येते. आपल्याकडे हॉलमध्ये बहुधा दोन फुटी लाद्या असतात आणि शिकाऊ बोर्डची रुंदीही साधारण तेवढीच, म्हणजे २२-२३ इंच असते. एकापुढे एक अशा चार लाद्या म्हणजे आपला बोर्ड असे समजावे आणि मधोमध चिकटपट्टीची एक लांब रेघ ओढावी. तिच्यावर पालथे झोपून तळहात बरगड्यांपाशी टेकवावेत, एका झटक्यात शरीर वर उचलावे आणि दोन्ही पावले त्या रेघेवरच येतील अशा रीतीने उभे राहावे. गुडघे टेकवून उठण्याची सवय येथेच मोडावी, कारण ती एकदा लागली की पाण्यात सुटता सुटत नाही. नजर पायांकडे नको, समोरच्या भिंतीकडे हवी. रोज २० वेळा असे केले तर पंधरा दिवसांत पाय आपोआप जागेवर पडू लागतात. कोणता पाय पुढे ठेवावा, हे कळत नसेल तर घरातल्या कोणालातरी मागून, न सांगता, हलकेच ढकलायला सांगावे. तोल सावरण्यासाठी जो पाय पुढे पडेल तोच तुमचा पुढचा पाय. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला रेग्युलर आणि उजवा ठेवणाऱ्याला गूफी म्हणतात. हा फरक पुढे जागा निवडताना उपयोगी पडतो, म्हणून लक्षात ठेवावा.

ज्यांना परदेशी जाण्याआधी देशातच एकदा चाचपून पाहायचे आहे, त्यांनी कर्नाटकात मंगळूरजवळच्या मुल्कीचा विचार करावा. ठाणे आणि पनवेल येथे थांबणाऱ्या मत्स्यगंधा एक्स्प्रेसने त्या भागात सहज जाता येते. हा खेळ आपल्या अंगाला मानवतो की नाही, एवढे तेथे दोन-तीन दिवसांत कळते.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. श्रीलंकेसाठी निघण्याआधी ऑनलाइन प्रवास परवानगी घ्यावी लागते. शुल्काचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून ते अधिकृत संकेतस्थळावरच पाहावेत. प्रवास विमा घेताना त्यात सर्फिंगमधील दुखापत धरलेली आहे का, हे नियमावलीत वाचूनच पैसे भरावेत. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली हे आठवत नसेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून ती जाण्याआधीच घ्यावी.

कोणत्या महिन्यात कोणता किनारा

हे आपल्याला समजायला फार सोपे आहे, कारण ज्या पावसावर आपले वर्ष चालते त्याच पावसावर श्रीलंकेची लाटही चालते. मे ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वारे बेटाच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर समुद्राकडून जमिनीकडे जोरात वाहतात. त्या दिवसांत कोकणचा समुद्र जसा गढूळ, खवळलेला आणि बेभरवशाचा असतो, तसाच तो हिक्काडुवा, वेलिगम आणि मिरिस्सा येथेही असतो. हेच वारे बेट ओलांडून पूर्वेकडे जातात, तेव्हा तेथे ते जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, आणि समोरून येणारा असा वारा लाटेची भिंत उभी धरून ठेवतो. म्हणून पूर्वेकडील अरुगम बे येथील हंगाम साधारण एप्रिलअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत चालतो. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात सर्व उलटे होते आणि दक्षिण किनारा शांत, स्वच्छ व शिकण्याजोगा होतो.

आपल्या दिनदर्शिकेत हे बसवायचे तर असे म्हणता येईल: नाताळची सुट्टी, संक्रांत आणि होळीच्या आसपासचे दिवस दक्षिण किनाऱ्यासाठी उत्तम. दिवाळी हा सांध्याचा काळ, कधी साधते कधी नाही. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत दक्षिणेला जाणे ही मला वारंवार दिसणारी चूक आहे. स्वस्त खोली मिळाली म्हणून कुटुंबे जातात आणि आठवडाभर खवळलेले पाणी पाहून परततात. गणपतीच्या सुमारास सुट्टी मिळत असेल तर पूर्व किनारा.

लाट स्वतः कोठून येते, हेही जाणून घ्यावे. श्रीलंकेचे दक्षिण टोक सहा अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित खाली आहे आणि तेथून दक्षिणेकडे अंटार्क्टिकापर्यंत मधे मोठी जमीन नाही. दक्षिण गोलार्धात ४० ते ५० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात जी वादळे होतात, त्यांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून येथे पोहोचतात. वाटेत त्या सुट्या होतात, एका लयीत येतात आणि तीन-चारच्या किंवा सहा-सातच्या जथ्याने किनाऱ्यावर आदळतात. या जथ्याला सर्फर सेट म्हणतात. दोन सेटच्या मध्ये काही मिनिटे समुद्र जवळजवळ निजलेला दिसतो, आणि नवखा माणूस नेमक्या त्याच क्षणी पाण्यात उतरून फसतो.

किनाऱ्यावर उभे राहून काय पाहावे

बोर्ड हातात घेण्याआधी १५ मिनिटे वाळूत बसून पाहण्याचा नेम मी सोडत नाही आणि बरोबर आलेल्या कोणालाही सोडू देत नाही. प्रथम सेट मोजावेत: किती मिनिटांनी येतात, त्यात किती लाटा असतात, सर्वांत मोठी कितवी असते. मग लाट कोठे फुटते आणि कोठे फुटत नाही हे पाहावे. दोन्ही बाजूंना फेस असताना मधेच एखादा पट्टा गडद, सपाट आणि शांत दिसत असेल, तर तो सुरक्षित आहे असे समजू नये. किनाऱ्यावर चढलेले पाणी तेथूनच परत समुद्राकडे जात असते. ही पाण्याची ओढ. तिच्यात सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून तिच्याशी झगडू नये, बोर्ड सोडू नये, किनाऱ्याला समांतर दिशेने हात मारत बाहेर पडावे आणि दम लागला असेल तर एक हात उंच करून मदत मागावी. अनुभवी सर्फर हीच ओढ वापरून कमी श्रमात आत जातात. तुम्हालाही ते पुढे येईल, पहिल्या आठवड्यात मात्र तिच्यापासून दूर राहावे.

वारा समजून घेण्यासाठी शाळेतला भूगोल पुरतो. रात्री जमीन निवते आणि पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. दिवस चढला की खारे वारे समुद्राकडून येऊ लागतात आणि पाण्याचा पृष्ठभाग विस्कटतो. म्हणून दक्षिण किनाऱ्यावर सकाळी सहा ते नऊ ही वेळ सोन्यासारखी आहे. मोबाइलवरच्या अंदाजात लाटेच्या उंचीशेजारी सेकंदांचा एक आकडा असतो. एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी येते, ते तो सांगतो. तीन फुटांची लाट ८ सेकंदांची असेल तर सौम्य, आणि तीच १५ सेकंदांची असेल तर तिच्यात पाण्याचा साठा कितीतरी जास्त, हे नवख्याच्या लक्षात येत नाही. तो केवळ फूट वाचतो.

भरती-ओहोटीच्या बाबतीत आपल्या सवयी थोड्या आवराव्या लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच भरतीचे इशारे वर्तमानपत्रात येतात आणि तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते, अष्टमीला आठाची पाऊणपट म्हणजे सुमारे सहा वाजता, हा ठोकताळा कोळीवाड्यात आजही चालतो. श्रीलंकेत तो लावू नये; प्रत्येक बंदराची वेळ निराळी असते, म्हणून तेथील तक्ताच पाहावा. तेथे भरती आणि ओहोटीतला फरक एका मीटरच्याही आत असतो. खाडीकाठच्या माणसाला तो किरकोळ वाटतो. पण ज्या खडकावर ओहोटीला कमरेएवढेही पाणी नसते, तेथे अर्धा मीटर म्हणजे खरचटणे आणि टाके यांमधले अंतर होय.

पहिली पायरी: वाळूचा तळ

वेलिगम या सिंहली नावाचा अर्थच वाळूचे गाव असा आहे, आणि नवख्याने सुरुवात तेथूनच करावी असे माझे स्पष्ट मत आहे. विमानतळावरून द्रुतगती मार्गाने सुमारे तीन तासांत तेथे पोहोचता येते. वेळ असेल तर कोलंबो फोर्ट स्थानकातून मातराकडे जाणारी रेल्वे घ्यावी, ती बराच काळ समुद्राच्या अगदी कडेने धावते. वेलिगमचा उपसागर रुंद आहे, तळ वाळूचा आहे, लाटा लांबवर फुटून फेसाळत किनाऱ्यापर्यंत येतात आणि बऱ्याच अंतरापर्यंत पाणी कमरेएवढेच असते. पडलात तर वाळूवर पडता. दक्षिणेकडे एवढी मोठी आणि एवढी क्षमाशील जागा दुसरी नाही.

पहिले दोन दिवस प्रशिक्षक घ्यावाच. तो लाट निवडतो, योग्य क्षणी बोर्डला मागून रेटा देतो आणि तुमचे लक्ष फक्त उठण्याकडे राहते. बोर्ड फोमचा, मऊ पृष्ठभागाचा, आठ ते नऊ फूट लांबीचा घ्यावा; वजन जास्त असेल तर नऊ फुटीच. छोटा, टोकदार, चकचकीत बोर्ड दिसायला देखणा असतो, पण त्यावर शिकणे म्हणजे अरुंद कठड्यावर सायकल शिकण्यासारखे आहे. सुरुवातीला फुटलेल्या लाटेच्या फेसातच सराव करावा. फेस येताना दिसला की बोर्ड किनाऱ्याकडे वळवावा, पोट बोर्डच्या मध्यावर घ्यावे, पायांची बोटे मागच्या कडेशी येऊ द्यावीत आणि फेस धडकण्याआधी चार-पाच जोरदार हात मारावेत. बोर्ड स्वतःहून पळू लागला आहे, ही जाणीव पोटाला होते. ती झाल्यावर आणखी दोन हात मारावेत आणि मगच उठावे. घाई केली की टोक पाण्यात घुसते.

आमच्याबरोबर आलेली वाशीची एक मैत्रीण वयाच्या चौपन्नाव्या वर्षी प्रथमच बोर्डवर झोपली. पहिला दिवस तिने फक्त पालथे झोपून किनाऱ्यापर्यंत येण्यात घालवला, दुसऱ्या दिवशी ती गुडघ्यांवर आली आणि तिसऱ्या सकाळी पावणेसातच्या सुमारास, गुडघाभर फेसात, दोन्ही पायांवर उभी राहून थेट वाळूपर्यंत आली. प्रशिक्षक तिला ओरडून ‘बलन्न, बलन्न’ म्हणत होता; सिंहलीत त्याचा अर्थ ‘पाहा’ असा होतो. तिने खाली पाहणे सोडून समोर पाहिले, आणि एवढ्यानेच तिचा तोल राहिला. तिच्याआधी उभे राहिलेले तरुण पायांकडे पाहत असल्यामुळे पुन्हा पुन्हा पडत होते.

पडण्याचीही रीत आहे. डोके खाली करून कधीही सूर मारू नये. अंग सैल सोडून, शक्य तितके पसरून, पृष्ठभागावरच पडावे. वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती धरावेत, कारण बोर्ड कोठे आहे हे त्या क्षणी आपल्याला दिसत नसते. उथळ पाण्यात चालत असताना बोर्ड आपल्या आणि लाटेच्या मध्ये आडवा धरू नये. तो थेट छातीवर किंवा तोंडावर येतो. वेलिगममध्ये होणाऱ्या जखमा समुद्रापेक्षा बोर्डमुळे अधिक होतात, कारण तेथे शिकणाऱ्यांची गर्दी फार असते. दहानंतर तर पाण्यात जागा शोधावी लागते. गर्दी नकोशी वाटल्यास गॉलजवळचा देवाता किनारा किंवा हिक्काडुवाच्या दक्षिणेला लागून असलेला नारिगम किनारा पाहावा. लहान लाटेच्या दिवशी दोन्ही ठिकाणी वाळूच्या तळावर चांगला सराव होतो.

बोर्ड भाड्याने घेताना दोरीचे दोन्ही टोकांचे सांधे बोटांनी चाचपून पाहावेत, फिन, म्हणजे बोर्डच्या खालचे कल्ले, हलवून पाहावेत आणि आधीपासून असलेल्या भेगांची छायाचित्रे दुकानदारासमोरच काढावीत. एका दुकानाने मला झिजलेल्या दोरीचा बोर्ड दिला होता. ती तिसऱ्या लाटेला तुटली आणि मला सुमारे १५० मीटर पोहत यावे लागले. लाटा लहान होत्या आणि पोहण्याचा सराव होता म्हणून निभावले.

दुसरी पायरी: न फुटलेली लाट

फेसात सलग दहा वेळा उभे राहता आले, की पुढे जाण्याची वेळ झाली असे समजावे. आता लाट फुटण्याआधी, तिच्या हिरव्या भिंतीवर, स्वतःच्या बळावर चढायचे असते. हे शिक्षण वेलिगमच्याच बाहेरच्या रांगेत, म्हणजे सर्फर लाटेची वाट पाहत बसतात तेथे, सुरू करावे. जागा बदलण्याची गरज नाही. आठवडाभराची सहल असेल तर बहुतेकांची ती येथेच संपते, आणि त्यात काही उणे नाही.

येथून पुढे पाण्यातले नियम पाळणे अनिवार्य होते. लाट जेथे प्रथम फुटते त्याच्या सर्वांत जवळ जो असतो, त्याची ती लाट. तो उठला असेल तर दुसऱ्याने त्याच्या पुढे उडी घेऊ नये. आत जाताना लाटांवर चाललेल्या लोकांच्या वाटेतून जाऊ नये, बाजूने वळसा घालावा. मोठा फेस अंगावर येत असला तरी बोर्ड फेकून देऊन बुडी मारू नये, कारण मागे कोणीतरी असते. चूक झाली तर लगेच माफी मागावी. तेथील मुलांना ‘स्तुती’ म्हटलेले फार आवडते. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ धन्यवाद असा आहे, आणि आपल्याला तो शब्द शिकावाही लागत नाही.

वेलिगमच्या पूर्वेला, डिकवेल्लाजवळचा हिरिकेटिया हा घोड्याच्या नालासारखा छोटा उपसागर या पायरीवरच्या लोकांना मानवतो. आतल्या बाजूला शिकणारे असतात आणि टोकाकडून डावीकडे जाणारी लाट जाणकार घेतात. अलीकडे तेथे फार दाटी होते, म्हणून जायचे तर उजाडता उजाडता जावे.

तिसरी पायरी: खोल पाण्याखालचा खडक

ही पायरी बहुतेक लोक लवकर चढतात. खडकावर फुटणारी लाट रोज त्याच जागी, त्याच आकाराने फुटते, त्यामुळे ती वाचायला सोपी आणि लांब चालणारी असते, हे खरेच आहे. पण तिच्यावर जाण्याआधी तीन गोष्टी सहज जमल्या पाहिजेत: न फुटलेली लाट स्वतः पकडणे, हव्या त्या दिशेला वळणे, आणि नको असेल तेव्हा लाटेच्या पाठीवरून बाहेर पडणे. तिसरी गोष्ट न येणारा माणूस लाटेबरोबर थेट उथळ खडकावर जाऊन पडतो.

वेलिगम आणि गॉल यांच्यामध्ये मिडिगम नावाचे गाव आहे. तेथील लेझी लेफ्ट आणि लेझी राइट या दोन लाटा या पायरीसाठी मला सर्वांत योग्य वाटतात. नावाप्रमाणेच त्या सावकाश उलगडतात. लाटेवर असलेल्या माणसाच्या दृष्टीने ती ज्या बाजूला जाते तिच्यावरून तिला डावी किंवा उजवी म्हणतात. गूफी माणसाला डाव्या लाटेवर आणि रेग्युलर माणसाला उजव्या लाटेवर तोंड लाटेकडे ठेवता येते, म्हणून पहिल्या दिवशी आपल्या पायाप्रमाणे निवड करावी. हिक्काडुवा येथील मुख्य खडकावरची लाट दोन्ही बाजूंना उतरते आणि तीही मध्यम तयारीच्या माणसाला साधते. अहंगमजवळच्या कबलाना येथील लाट मात्र जोरकस आहे. किनारा शांत दिसत असला तरी बाहेरच्या शिखरावर, म्हणजे लाट प्रथम फुटते तेथे, जाण्याआधी तेथील प्रशिक्षकाला विचारावे.

मिरिस्साचा अनुभव सांगतो. उपसागराच्या एका टोकाला खडकावर उजवी लाट फुटते. सुंदर आणि छोटी. माझ्या दुसऱ्याच प्रवासात, ओहोटी चालू असताना, किनाऱ्यावर १५ मिनिटे न बसता मी तेथे गेलो. पहिल्या लाटेवर पडलो आणि सवयीने पाय खाली टेकवला, कारण वेलिगमला पाय टेकवला की वाळू लागत असे. येथे सी अर्चिन होते. त्या काळ्या काटेरी गोळ्याचे अकरा काटे टाचेत आणि चवड्यात मोडून राहिले. किनाऱ्यावरच्या एका वयस्क कोळ्याने सोसवेल इतक्या गरम पाण्यात तासभर पाय ठेवायला लावला, वेदना उतरली, पण दोन काटे डॉक्टरांना काढावे लागले आणि पुढचे सहा दिवस मी वाळूत बसून काढले. तेव्हापासून खडकावर मी पाय टेकवत नाही, मग पाणी घोट्याएवढे का असेना. बोर्डवर पालथे पडूनच बाहेर येतो. काटा सांध्याजवळ किंवा खोल असेल तर स्वतः उकरू नये. प्रवाळाने कापल्यास जखम लहान दिसली तरी स्वच्छ पाण्याने आणि साबणाने घासून धुवावी, कारण आत राहिलेला कण चिघळतो. त्यानंतर जखम भरेपर्यंत पाण्यात जाऊ नये. मोठी दुखापत झाल्यास १९९० या क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका येते. सुव सेरिया नावाची ही सेवा २०१६ मध्ये भारत सरकारच्या अनुदानातून सुरू झाली. हा क्रमांक मोबाइलमध्ये पहिल्याच दिवशी साठवून ठेवावा.

चौथी पायरी: उथळ खडक

मिडिगमलाच राम्स नावाची उजवी लाट आहे. ती जोरात आणि अगदी उथळ खडकावर फुटते. हे लेखन ज्यांच्यासाठी आहे, त्यांनी ती काठावरून पाहावी. पाहण्यासारखी आहे, आणि उत्तम सर्फर पडतात कसे, हेही तेथे बसून शिकता येते.

पूर्व किनारा: दुसऱ्या प्रवासासाठी

अरुगम बे कोलंबोहून सुमारे ३२० किलोमीटर असून रस्त्याने सात-आठ तास लागतात, म्हणून तेथे किमान आठ दिवस काढता येत असतील तरच जावे. लाटा बहुतेक उजव्या आहेत. मेन पॉइंट ही देशातली सर्वांत नावाजलेली लाट; खडकाळ टोकाला वळसा घालून ती लांबवर धावते, पण हंगामात तेथे मोठी गर्दी आणि कडक शिस्त असते. त्याच वळणाच्या आत बेबी पॉइंट नावाची शिकणाऱ्यांची जागा आहे. उत्तरेकडचा व्हिस्की पॉइंट आणि दक्षिणेकडचा पीनट फार्म येथे दुसऱ्या पायरीवरचा माणूस सुखाने सराव करू शकतो. त्यापुढे, तळ वाळूचा असूनही लांब चालणारी लाट हवी असेल तर पोत्तुविल पॉइंट. ती फार भरभर हात मारायला लावते, म्हणून खांदे तयार असावेत. दक्षिणेला कुमना अभयारण्याच्या वेशीजवळ ओकांदा आहे; तेथे जाणकाराच्या सोबतीशिवाय जाऊ नये.

या भागातल्या किनाऱ्यामागच्या खाजणांत मगरी असतात. खारे अंग धुण्यासाठी त्या शांत पाण्यात पाऊलही घालू नये. संध्याकाळनंतर रस्त्यावर हत्ती येतात, त्यामुळे दुचाकीने परतायचे तर उजेड असतानाच परतावे. पोत्तुविल परिसरात मुस्लिम वस्ती मोठी आहे. किनाऱ्यावरून गावात शिरताना अंगभर कपडे घालावेत. आपल्याबरोबरच्या मुलींना आणि स्त्रियांना पाण्यात संकोच वाटत असेल, तर त्यांना अरुगम बे येथील मुलींच्या सर्फ क्लबविषयी जरूर सांगावे. २०१८ मध्ये स्थानिक स्त्रियांनी उभा केलेला हा श्रीलंकेतला स्त्रियांचा पहिला सर्फ क्लब आहे.

पूर्वेला पोहोचल्यावर पहिल्या सकाळी थेट मेन पॉइंटवर जाऊ नये. बेबी पॉइंटवर एक दिवस, पीनट फार्मवर दोन दिवस, आणि त्यानंतर एखाद्या लहान लाटेच्या दिवशी, सूर्य उगवण्याच्या आत, तेथील ओळखीच्या प्रशिक्षकाला बरोबर घेऊन मेन पॉइंटच्या रांगेत सर्वांत शेवटी, आतल्या बाजूला बसावे. जाणत्यांनी सोडलेल्या लाटा तेथपर्यंत येतात आणि त्या पुरेशा लांब असतात.